पोरगं सारखं चोऱ्या-मारामाऱ्या करतंय? "रक्तातच आहे" म्हणायच्या आधी हे बघा

पोरगं चोरी करताना सापडलं की घरात दोनच वाक्यं ऐकू येतात. आजी म्हणते वय आहे, सुधरेल, आणि काका म्हणतो याच्या मामाचं रक्त आहे, हे असंच जाणार. दोन्ही वाक्यांत सोय एकच, बोलणाऱ्याला पुढे काही करावं लागत नाही. मी सातवी-आठवीला शिकवतो, ही वाक्यं ऐकून कान किटलेत, म्हणून ज्यांच्या घरात किंवा वर्गात असं मूल आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. निदान डॉक्टरच करतील, पण कधी जायचं, जाताना काय लिहून न्यायचं आणि काय अजिबात करायचं नाही एवढं तरी कळायला हवं.

सगळ्यात आधी प्रश्न विचारायचा तो "काय केलं" हा नाही, "कधीपासून" हा. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मधे जन्मलेल्या १०३७ मुलांच्या मागे संशोधक त्यांच्या लहानपणापासून आहेत, ती मुलं आता पन्नाशी ओलांडून गेली तरी अजून त्यांना बोलावून तपासतात. त्यावर काम करणाऱ्या टेरी मॉफिट यांनी १९९३ मधे मांडलं की गुन्हे करणारी पोरं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एक मोठा घोळका, जो तेराव्या-चौदाव्या वर्षी मित्रांच्या नादाने सुरू होतो आणि विशी-पंचविशीत बहुतेक थांबतो. आणि दुसरा अगदी छोटा गट, ज्यांचं चावणं, मारणं, खोटं बोलणं, उचलेगिरी हे बालवाडीपासून चालूच असतं, फक्त वयाबरोबर रूप बदलतं. हा छोटा गटच पुढे जड जातो. अमेरिकेत फिलाडेल्फियामधे १९४५ साली जन्मलेल्या ९९४५ मुलग्यांच्या पोलिस नोंदी काढल्या तेव्हा त्यातल्या ६२७ जणांच्या, म्हणजे साधारण ६ टक्क्यांच्या, नावावर सगळ्या गुन्ह्यांपैकी निम्म्याहून जास्त गुन्हे निघाले.

म्हणून एक वही घ्या आणि आठवून लिहा, पहिल्यांदा तक्रार कधी आली. बालवाडीच्या बाई काय म्हणाल्या होत्या, पहिलीत काय झालं, कुत्र्या-मांजरांशी कसा वागायचा. आता दोन वर्षांचं पोर मारतं म्हणून घाबरू नका हां, कॅनडातल्या रिचर्ड ट्रेम्बले यांच्या कामातून दिसलंय की माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त मारतो-चावतो ते दोन-तीन वर्षांचा असताना, आणि नंतर हळूहळू हात आवरायला शिकतो. म्हणजे मारायला कुणी शिकवत नाही, न मारायला शिकावं लागतं. सहा-सात वर्षांपर्यंत ते शिकणं झालंच नाही तर मात्र लक्ष द्या. डॉक्टरांच्या यादीत पंधरा लक्षणं असतात, गेल्या बारा महिन्यांत त्यातली किमान तीन दिसली तर ते कंडक्ट डिसऑर्डरचा, म्हणजे सतत नियम मोडण्याच्या आणि दुसऱ्यांना त्रास देण्याच्या आजाराचा, विचार करतात, आणि दहा वर्षांच्या आत सुरुवात असेल तर ते जास्त गंभीर धरतात.

दुसरी गोष्ट लिहायची ती कुठे. फक्त घरी त्रास देतो आणि शाळेत शहाणा, किंवा फक्त एका मित्राबरोबर असला की वात्रटपणा, हे वेगळं. घरी, शाळेत, मैदानावर, नातेवाईकांकडे, सगळीकडे तेच, हे वेगळं. आणि तिसरं म्हणजे कसं. डोकं फिरलं की हात उचलतो आणि मग रडतो, की शांत डोक्याने ठरवून करतो आणि नंतर चेहऱ्यावर रेघही हलत नाही? या दुसऱ्या मुलांना शिक्षेची भीती मुळात कमी वाटते, समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीतीही त्यांना नीट वाचता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत अशा मुलांना नुसतं "डोळ्यांकडे बघ" असं सांगितल्यावर तेवढ्यापुरती ती ओळख सुधारली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरात करता येण्यासारखं आहे. अशा पोराला बडवून काही होत नाही, ते फक्त तुमचा हात कधी थकतो ते बघतं. त्यांच्यावर बक्षीस आणि कौतुक चालतं, मार चालत नाही.

आता रक्ताचं. अनुवंश आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही, जुळ्यांवरच्या अभ्यासात समाजविघातक वागण्यातला साधारण निम्मा फरक अनुवंशाकडे जातो असं निघतं. पण त्याचा अर्थ काय ते डेन्मार्कच्या आकड्यांवरून समजून घ्या. तिथे दत्तक गेलेल्या मुलांच्या कोर्टाच्या नोंदी १९८४ मधे छापल्या गेल्या. ज्यांचे जन्मदाते आणि दत्तक आईबाप दोघंही स्वच्छ, त्या मुलग्यांपैकी १३.५ टक्क्यांना कधीतरी शिक्षा झाली. फक्त जन्मदात्यांना शिक्षा झालेली असेल तर २० टक्के, आणि दोन्हीकडे असेल तर २४.५ टक्के. म्हणजे रक्ताने धोका वाढला, बरोबर, पण ज्यांचं "रक्त वाईट" होतं त्यांच्यातल्याही ७५ ते ८० टक्के मुलांना कधीच शिक्षा झाली नाही. शिवाय हा संबंध चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांबाबत दिसला, हिंसक गुन्ह्यांबाबत दिसला नाही. ते व्हॉट्सॲपवर फिरतं ना, "योद्धा जीन", म्हणजे माणसाला हिंसक करणारा जनुक, सापडला वगैरे, त्याचंही असंच आहे. एमएओए नावाचा जीन पूर्ण बंद पडलेलं एक डच कुटुंब १९९३ मधे सापडलं, त्यातले पुरुष खरंच हिंसक होते, पण असं क्वचितच होतं. त्या जीनचं नुसतं कमी काम करणारं रूप मात्र भरपूर लोकांत असतं आणि २००२ मधे ड्युनेडिनच्या मुलांमधे दिसलं की ते रूप असून ज्यांना लहानपणी मारहाण-छळ झाला त्यांच्यातच वागणूक जास्त बिघडली. छळ नाही तर फारसा फरक नाही. तेव्हा जीनची टेस्ट वगैरे करायला पैसे घालवू नका.

आणि महाराष्ट्रात राहून हे रक्ताचं बोलताना जरा जपून. इटलीत लोम्ब्रोझो नावाच्या डॉक्टरने १८७६ मधे जन्मजात गुन्हेगार कवटीवरून ओळखता येतो असं छापलं, पण त्याच्याही आधी १८७१ मधे इंग्रजांनी भारतात क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणला होता, जो पुढे आपल्याकडेही लागू झाला, आख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, भामटे, किती नावं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड लोकांना ठेवलं, हजेऱ्या लावल्या, तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्याने गेला, पण गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीकडे जाते ते सांगायला नको. त्या लोकांचं "रक्त" कुणी कधी तपासलं नव्हतं, फक्त लिहून टाकलं होतं. एखाद्या मुलाच्या आडनावावरून शिक्षकच असं बोलत असतील तर तिथेच अडवा.

आता तपासण्या, कारण बायॉलॉजीचा खरा उपयोग इथे आहे. ऐकू येतं का, बघा, कानाची तपासणी होते. बोलणं-समजणं वयाप्रमाणे आहे का, कारण ज्याला शब्द सापडत नाहीत त्याचा हात आधी निघतो. वाचता येतं का, खरंच येतं का, की पाठ करून वाचतोय. झोप किती. घोरतो का. एका जागी बसता येतं का, म्हणजे एडीएचडीचा भाग आहे का, कारण त्यावर चांगले उपचार आहेत आणि ते न झाल्याने पुढचं बरंच बिघडतं. डोक्याला कधी जोरात मार लागला होता का, गाडीवरून, गच्चीवरून, बेशुद्ध झाला होता का, तुरुंगातल्या कैद्यांमधे असा इतिहास बाहेरच्यांपेक्षा खूप जास्त सापडतो. आणि हिमोग्लोबिन.

खाण्याला हसू नका. मॉरिशसमधे (आपली मराठी मंडळी पिढ्यानपिढ्या आहेत तिथे) तीन वर्षांच्या मुलांवर १९७२ पासून एक अभ्यास झाला. शंभरेक मुलांना दोन वर्षं चांगलं जेवण, त्यात मासेही, भरपूर खेळ आणि चांगली बालवाडी मिळाली. तेवीस वर्षांची झाल्यावर विचारलं तर त्यांच्यात गुन्ह्यांचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण ३५ टक्क्यांनी कमी निघालं आणि तिसऱ्या वर्षी जी मुलं कुपोषित होती त्यांनाच याचा जास्त फायदा झाला. अंगणवाडीचा पोषण आहार गिळत नाही म्हणून बंद करणाऱ्यांनी हे वाचावं. तशीच शिशाची गोष्ट. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली गेलं पण जुन्या भिंतींच्या रंगाचे पोपडे, घराजवळ बॅटऱ्या फोडण्याचं काम, भेसळीची हळद हे आहेच. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या अभ्यासात लहानपणी रक्तात जास्त शिसं असलेल्यांना पुढे अटका जास्त झाल्या, ड्युनेडिनमधे मात्र तो संबंध बराच कमजोर निघाला, त्यामुळे शिसं म्हणजेच गुन्हेगारी असं नाही, पण डोक्याला ते वाईटच. बापाचा बॅटरीचा धंदा घरातच असेल तर रक्तातल्या शिशाची टेस्ट मागून घ्या. अजून एक ऐकाल, की अशा मुलांची नाडी संथ असते. गटागटाच्या सरासरीत ते खरं आहे, स्वीडनमधे लाखो पुरुषांमधे दिसलंय, पण एकट्या पोराची नाडी धरून काही कळत नाही, कबड्डी खेळणाऱ्या पोराचीही संथच असते.

तपासण्या कुठे? जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून लहान मुलांचं केंद्र असतं, शाळेत आरबीएसकेची, म्हणजे सरकारी बाल आरोग्य तपासणीची, टीम येते तिच्याकडून चिठ्ठी घ्या. मानसोपचाराबद्दल विचारायचं तर टेलिमानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. ती वही बरोबर न्या, डॉक्टरला "फार त्रास देतो" यापेक्षा "दुसरीपासून, घरी आणि शाळेत, आठवड्यात दोनदा" हे पाचपट उपयोगी पडतं.

आता घर. अमेरिकेतले जेराल्ड पॅटरसन तासन् तास घराघरांत बसून आईबाप आणि मुलांचं बोलणं नोंदवायचे, त्यांना जे दिसलं ते आपल्या स्वयंपाकघरातही दिसतं. कुकरची दुसरी शिट्टी, आई ओट्यापासूनच ओरडते मोबाईल ठेव. पोरगं ऐकत नाही. तिसऱ्या हाकेला आवाज चढतो, पोरगं पण चढतं, ताट सरकवतं, शिवी देतं. आईला पोळ्या करायच्यात, सासूबाईंचा डबा जायचाय, ती म्हणते मर मेल्या, बघ काय बघायचं ते. मोबाईल पोराकडेच राहिला. त्या अर्ध्या मिनिटात तो शिकला की शिवी दिली की आई मागे हटते, आणि आई शिकली की सोडून दिलं की शांतता मिळते. दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षं. मग एखाद्या दिवशी बाप येऊन पट्ट्याने मारतो, त्यातून तो शिकतो की जो जास्त चढेल तो जिंकतो. हाच धडा मग तो शाळेत वापरतो.

हे मोडायचं तर लांबून हाक मारू नका. जवळ जा, नाव घ्या, डोळ्यात बघा, एकच काम सांगा, छोटं. "नीट वाग" हे काम नाही, "मोबाईल टेबलावर ठेव" हे काम आहे. मनात पाचपर्यंत मोजा. केलं तर लगेच, त्याच सेकंदाला, काय चांगलं केलं ते बोलून दाखवा, खांद्यावर हात ठेवा. नाही केलं तर एक ठरलेली छोटी शिक्षा, त्याच दिवशी संपणारी, आज अर्धा तास मोबाईल नाही, बास. महिनाभर क्रिकेट बंद असली शिक्षा देऊ नका, तिसऱ्या दिवशी तुम्हीच मोडणार आणि पोराला ते माहीत आहे. आणि घरातल्या सगळ्यांनी तेच करायचं, आजीने मागच्या दाराने मोबाईल दिला की गेलं सगळं. पहिले काही दिवस पोरगं आधीपेक्षा जास्त तमाशा करेल, कारण जुनी युक्ती चालत नाही म्हणून तो जोर वाढवतो. तिथेच बहुतेक घरं हार मानतात.

काय करू नका ते पण सांगतो. ओळखीच्या हवालदाराला सांगून पोराला "एक रात्र आत बसवून" घाबरवू नका. अमेरिकेत मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रम झाले, नीट मोजल्यावर निघालं की गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. अशीच सगळी बिघडलेली पोरं एकत्र ठेवणाऱ्या हॉस्टेलात टाकण्याआधी दहा वेळा विचार करा, एकमेकांकडून शाबासकी मिळवत ती अजून बिघडतात. त्यापेक्षा चांगल्या पोरांच्या टीममधे, तालमीत, ढोलपथकात एकटं घुसवा.

पोलिसांपर्यंत गेलंच तर हक्क माहीत असू द्या. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमधे ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं. किरकोळ गुन्ह्यात सहसा एफआयआर नाही तर स्टेशन डायरीत नोंद आणि सोशल बॅकग्राऊंड रिपोर्ट, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल. तो रिपोर्ट बनवताना तुमची वही, डॉक्टरांचे कागद, शाळेचं पत्र द्या.

आणि पोरगं सतरा-अठराचं झालं, आता उशीर झाला असं कुणी म्हणेल. बॉस्टनच्या, सुधारगृहांत पाठवलेल्या ५०० मुलांचा सत्तरीपर्यंत मागोवा घेतला गेलाय, त्यात सगळ्यात बिघडलेल्या पोरांचेही गुन्हे वयाबरोबर उतरलेच, आणि लवकर थांबले त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा पक्की नोकरी, लग्न किंवा सैन्य यातलं काहीतरी आलं होतं. तेव्हा दहावी नापास असला तरी आयटीआयला नापासांना चालणारे ट्रेड असतात, ते ॲडमिशनचे फॉर्म निघाले की त्याच आठवड्यात भरून टाका, आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारताना पोराचं सगळं खरं सांगून विचारा.