कनू घेऊन अल्गॉन्क्विनला निघालात? आधी या चुका टाळा

कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. तिच्या सहलीत जे काही बिनसतं, ते बहुतेक वेळा पाण्यात उतरायच्या आधीच बिनसलेलं असतं. कनू वल्हवायची असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती खांद्यावर घेऊन चालायचीही असते, हे बुकिंग करताना कोणाच्या डोक्यात येत नाही. ओंटारिओतल्या अल्गॉन्क्विन पार्कमध्ये एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर मधली वाट सगळ्या बाडबिस्तऱ्यासह पायी तुडवावी लागते. या वाटेला पोर्टाज म्हणतात. पिवळ्या पाटीवर अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं आणि तो आकडा फसवा असतो. कनू लेक ते जो लेक ही वाट सुमारे ३०० मीटरची. पण एका खेपेत कनू आणि दुसऱ्या खेपेत सामान असं केलंत की मधलं रिकामं परतणं धरून ९०० मीटर होतात. नकाशावरच्या २ किलोमीटरचे ६ होतात, तेही चिखलातून आणि मे-जून असेल तर ब्लॅकफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांच्या ढगातून.

फर व्यापाराच्या काळातले व्हॉयाजर, म्हणजे कनूतून माल वाहणारे मजूर, अशा वाटांवर कपाळाला पट्टा लावून ४०-४० किलोचे दोन गठ्ठे एका वेळी वाहून नेत. आपल्याला ते जमणार नाही, तेव्हा सामान कमी करा. फोल्डिंग खुर्च्या, कूलर आणि हातात धरायच्या पिशव्या घरी ठेवा. पाठीवर जाईल तेवढंच घ्या. कनू भाड्याने घेताना केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची मागा. ती साधारण २० किलोची असते, अॅल्युमिनियमची त्याहून बरीच जड. भाडं जास्त पडतं, पण इथे काटकसर करू नका. फक्त ती दगडांवर घासत किनाऱ्याला लावू नका. घोटाभर पाण्यातच उतरा आणि उचलून घ्या.

खाण्याबाबत आपली हमखास चूक म्हणजे लोणच्याची बरणी. पार्कच्या आतल्या भागात काचेच्या बाटल्या-बरण्या आणि डबाबंद खाण्याचे डबे न्यायला बंदी आहे, त्यामुळे आमरसाचा डबाही बाद. लोणचं छोट्या प्लास्टिकच्या डबीत भरा. भाजणी, मेतकूट, पिठल्याचं पीठ हा मात्र खरोखरच कनूसाठी जन्माला आलेला शिधा आहे! फोडणी तंबूपासून लांब द्या आणि रात्री झाडून सगळं खाणं, टूथपेस्टसुद्धा, तंबूपासून दूर झाडाला उंच टांगा. काळ्या अस्वलाला ठेचा आवडतो की नाही, याचा प्रयोग आपण करायला नको.

कनू डुगडुगते, कलंडते

बहुतेक जण पाण्यात पडतात ते धक्क्यालाच. कनूचं एक टोक किनाऱ्यावर टेकवून चढू नका. अशी अर्धवट टेकलेली कनू पटकन कलंडते. ती पूर्ण पाण्यात, धक्क्याला लागून आडवी धरा. एकाने धरायची, दुसऱ्याने वाकून, दोन्ही काठांवर हात ठेवून, बरोबर मधोमध पाय टाकायचा. उभं राहून फोटो काढायचे नाहीत. वारा उठला की बैठकीवरून खाली उतरून गुडघे टेकवा. वजन खाली गेलं की तीच कनू एकदम शहाण्यासारखी वागते.

सरळ जातच नाही

नवरा-बायकोची भांडणं इथे होतात. पुढचा म्हणतो मागचा नीट चालवत नाही, मागचा म्हणतो पुढचा उगाच जोर लावतो. खरं कारण साधं आहे. दोघं दोन बाजूंनी सारखा जोर लावत असले, तरी मागच्याचं वल्हं कनू जास्त वळवतं. तो उजवीकडे वल्हवत असेल तर नाळ, म्हणजे कनूचं पुढचं टोक, हळूहळू डावीकडे सरकते. मग दर मिनिटाला बाजू बदलणं सुरू होतं, अंगावर पाणी उडतं आणि वाट नागमोडी होते.

यावरचा उपाय म्हणजे ‘जे’ (J) स्ट्रोक, आणि तो मागच्यानेच करायचा. वल्हं नेहमीसारखं मागे ओढा. ते कमरेच्या मागे गेलं की वरच्या हाताचा अंगठा खाली, पाण्याकडे वळवा. पातं कनूला समांतर होईल. तसंच ते हलकेच बाहेर ढकला आणि उचला. नवखे लोक अंगठा वर वळवतात. त्यानेही नाळ जागेवर येते, पण दर वल्ह्याला वेग मरतो आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं. पुढच्याचं काम फक्त लय धरण्याचं आणि पाण्याखालचे दगड बघण्याचं. बघून शिकायचं असेल तर बिल मेसन यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी केलेल्या जुन्या फिल्म शोधा. मला तरी त्यांच्याइतकं नीट कोणी दाखवलेलं आढळलेलं नाही.

दोघांची कनू एकट्याने न्यायची असेल तर मागच्या बैठकीवर बसू नका. नाळ हवेत उचलली जाते आणि वारा तिला गरागरा फिरवतो. पुढच्या बैठकीवर मागे तोंड करून बसा आणि कनूचं मागचं टोक पुढे करून चालवा, म्हणजे वजन मधल्या भागाजवळ येतं. वारा समोरून असेल तर जड पिशवी थोडी पुढे सरकवा, पाठीमागून असेल तर मागे. मोठी तळी, त्यातही ओपिओंगो, सकाळी लवकर पार करा आणि तेव्हाही किनारा धरूनच जा.

ऊन आहे म्हणून पाणी कोमट नसतं

तळ्यांवरचा बर्फ एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला वितळतो. मेच्या लाँग वीकेंडला हवा टी-शर्टची असते, पाणी जीवघेणं गार. इथे १-१०-१ हा हिशोब शिकवतात: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे १० मिनिटं आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लाइफ जॅकेट हवंच. कायद्याने ते प्रत्येकासाठी कनूत असावं लागतं, पण बैठकीखाली कोंबलेल्या जॅकेटचा पाण्यात पडल्यावर काही उपयोग नाही. जीन्सही नको. ती भिजली की वाळत नाही.

आणि चित्रातल्या चुका

मुलांच्या पुस्तकांत भूर्जसालीची कनू पांढरी, काळ्या रेघांची काढलेली असते. खरी कनू बाहेरून सोनेरी-तपकिरी दिसते, कारण सालीची आतली बाजू बाहेर ठेवतात आणि पांढरी बाजू आत जाते. स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवण, सिडारच्या फासळ्या, सांध्यांना डिंक; खिळा एकही नाही. खांद्यावर पेलेल अशी होडी इथल्या मूळ रहिवासी अल्गॉन्क्विन लोकांनी जंगलातल्याच सामानातून घडवली. व्हँकुव्हर विमानतळावर शिल्पकार बिल रीड यांचं कनूचं हिरवट ब्राँझचं शिल्प बघून अनेक जण तीही तसलीच कनू समजतात. ती पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदा लोकांची कनू. त्यांच्या खऱ्या कनू रेड सिडारचा अखंड ओंडका कोरून होतात, आणि मग आत पाणी व तापलेले दगड घालून वाफेवर त्या रुंदावतात.

चित्रकार टॉम थॉमसनला ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या कॅनडातल्या निसर्गचित्रकारांच्या गटात धरणं ही तर गाइडांचीही चूक. तो कनू लेकवर जुलै १९१७ मध्ये वारला, ग्रुप झाला १९२०ला. त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या बऱ्याच चित्रांत हा प्रदेश निर्मनुष्य दिसतो. तो निर्मनुष्य कधीच नव्हता. अल्गॉन्क्विन लोक तिथे आधीपासून राहत होते, कनू घेऊन त्याच पाण्यावरून ये-जा करत होते.

कनू लेकच्या काठावर थॉमसनचं १९३०चं दगडी स्मारक आहे आणि तिथे पाण्यावरूनच जाता येतं. जायचंच असेल तर नाश्त्याआधी निघा. दुपारनंतर वारा वाढतो आणि भाड्याच्या कनूंची धक्क्यावर गर्दी होते.