जुनी एसयूव्ही नवतप्यात तापते? कूलंट बदलाच, पण आधी हवा काढायला शिका

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की जुन्या बोलेरो, सुमो, क्वालिस, टवेरा रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभ्या दिसू लागतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं घरच्या अंगणात, साध्या पाने-पकडीने बरं होण्यासारखं असतं. अडचण एवढीच की सल्ले चुकीचे मिळतात: थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून फेका, उन्हाळ्यात कूलंटऐवजी (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) साधं पाणी चालतं, गळती असेल तर रेडिएटरमध्ये हळद टाका. हे तिन्ही सल्ले इंजिनाचं नुकसान करतात. हळदीने बारीक गळती थांबते, हे खरं. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्ये जाऊन बसते आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी जास्त तापते.

हा लेख चार सिलिंडरच्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहे, ज्यांची दाबाची टोपी रेडिएटरवरच असते. टोपी प्लास्टिकच्या टाकीवर असेल तर तत्त्व तेच, फक्त कूलंट तिथून भरायचं.

आधी गाडी केव्हा तापते ते बघा

सीताबर्डीच्या गर्दीत तापते आणि वर्धा रोडला मोकळी धावली की तापमानाचा काटा उतरतो, तर दोष हवेच्या प्रवाहात आहे: पंखा, बेल्ट किंवा पंख्याचं विस्कस कपलिंग (पंख्याला इंजिनाशी जोडणारा तेल भरलेला भाग). गाडी चांगली गरम करून इंजिन बंद करा, चावी काढा आणि पंखा हाताने फिरवा. जोर लागला पाहिजे. झटका दिल्यावर दोन-तीन फेऱ्या मोकळा फिरला, किंवा कपलिंगच्या मध्याभोवती तेलकट काळे ओघळ दिसले, तर कपलिंग गेलं. बेल्ट दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिमी दबावा.

उलट, शहरात ठीक आणि हायवेवर ८० च्या पुढे तापते, तर रेडिएटर चोक आहे किंवा खालची होज (रबरी नळी) आतून खचून चेपते आहे. रेडिएटर बाहेरूनही चोक होतो. काटोल, वर्धा या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांच्या जाळीत कापसाचे तंतू, गवताचं बी आणि धूळ यांचा नमदा बसतो, आणि तो नेमका एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे असल्याने समोरून दिसत नाही. साध्या नळाच्या पाइपने इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा नको, फिन्स आडव्या होतात.

थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरची होज दगडासारखी कडक झाली, किंवा ऑइलच्या झाकणाखाली साय आली, तर हेड गॅस्केटकडे (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगकडे) बघावं लागेल. ते काम अंगणातलं नाही.

काटा वर-खाली नाचतो आणि हीटर लावल्यावर कधी गरम कधी गार वारा येतो? एक तर कूलंट कमी आहे, नाहीतर आत हवा अडकली आहे. कूलंट नुकतंच बदललं असेल तर हवाच धरून चाला.

काढणं आणि धुणं

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर पहाटे काम करा. टोपी उघडा, खालचा ड्रेन कॉक आणि ब्लॉकवरचा ड्रेन बोल्ट सोडा, आणि निघालेलं सगळं पाणी मापाच्या बादलीत धरा. किती लिटर निघालं ते लिहून ठेवा. हा आकडा पुढे फार कामाचा आहे.

साधं पाणी भरून, इंजिन चालवून, थंड करून परत काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने करा. बोअरचं पाणी कधीच घालू नका. मे अखेरीस कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा कडक थर बसतो, तोच सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटांत बसतो आणि धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. रेडिएटरच्या तोंडातून टॉर्च मारल्यावर नळ्यांची तोंडं पांढरी, बुजलेली दिसली तर धुऊन भागणार नाही. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिक टाकीचा असेल तर नवीनच बसवा.

थर्मोस्टॅट: काढू नका, बदला

थर्मोस्टॅट काढला की कूलंट मोकळं फिरेल आणि इंजिन गार राहील, ही समजूत फार पसरलेली आहे. पण बहुतेक थर्मोस्टॅटना खाली दुसरी चकती असते. इंजिन गरम झालं की वरचं तोंड उघडतं आणि ही खालची चकती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं कूलंट रेडिएटरकडेच जातं. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा राहतो. बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला न जाताच पंपाकडे परत येतं, आणि भर उन्हात चढावर गाडी जास्त तापते. डिसेंबरच्या सकाळी उलट होतं: इंजिन तापमानाला येतच नाही, डिझेल जास्त जातं, धूर येतो, सिलिंडरची झीज वाढते.

जुना थर्मोस्टॅट तपासायचा तर पातेल्यात पाण्यात लोंबकळत धरा. त्याच्यावर ८२ कोरलेलं असेल तर साधारण तेवढ्याला उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. नवा बसवताना त्याच्या कडेवरची छोटी हलती पिन सगळ्यात वर येईल असा बसवा. हवा निघायची वाट तीच आहे. पॅकिंग नवीन घ्या.

टोपीही बदला. जुन्या टोपीवर ०.९ (दाबाचा आकडा) असेल तर नवीही ०.९ ची. त्या दाबाला साधं पाणीदेखील ११८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपीचं रबर थकलं की दाब धरत नाही आणि पाणी १०० लाच उकळू लागतं.

भरणं आणि हवा काढणं

बहुतेक लोक इथेच घाई करतात. वरून ओततात, तोंडापर्यंत आलं की टोपी लावतात आणि निघतात. पंप पाणी ढकलू शकतो, हवेचा फुगा नाही. हा फुगा हेडमध्ये सगळ्यात उंच जागी बसतो, तिथली धातू कोरडी तापते, आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. त्याहून धोक्याचं म्हणजे तापमानाचा सेन्सर त्या फुग्यात आला तर काटा मधेच दिसत राहतो, आणि इंजिन आत भाजत असतं. म्हणून कूलंट बदलल्यानंतरचे पहिले काही दिवस एकट्या काट्यावर विश्वास ठेवू नका, हीटरचा वारा तपासत राहा.

गाडी चढावर, नाक वर करून उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच आलं पाहिजे. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हीटरच्या कोअरमधली हवा तिथेच राहील.

धुतल्यावरही ब्लॉकमध्ये थोडं पाणी उरतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) वापरत असाल तर आधी एकूण मापाच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट घाला आणि वर डिस्टिल्ड वॉटर. आधीच मिसळून घातलं तर प्रमाण पातळ होतं. तयार मिसळलेलं कूलंट घेणार असाल तर शेवटच्या धुण्याचं पाणी ब्लॉकच्या बोल्टमधून पूर्ण निथळू द्या. रंगावरून कूलंटचा प्रकार ठरत नाही. हिरव्यात हिरवं म्हणून कुठलंही मिसळू नका.

अर्धा-अर्धा लिटर, सावकाश ओता. प्रत्येक वेळी वरची होज हाताने दाबा, सोडा, बुडबुडे येऊ द्या. थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा बोल्ट असेल तर तो ढिला ठेवा आणि सलग धार आली की आवळा. नसेल तर हीटरच्या वरच्या होजची क्लिप सैल करून होज किंचित मागे ओढा. कूलंट ठिबकलं की परत बसवा.

आता टोपी न लावता इंजिन सुरू करा. रेस देऊ नका. सुरुवातीला कूलंट गरम होऊन फुगतं आणि पातळी वर येते. इथे फसू नका, पूर्ण भरलं असं समजू नका. चष्मा घाला, तोंड बाजूला ठेवा, फडकं जवळ असू द्या. थर्मोस्टॅट उघडला की वरची होज एकदम चटका देते आणि पातळी अचानक खाली जाते. तेव्हा भरा. मग जाड हातमोजे घालून होज दाबत राहा, मिनिटभर १५०० आरपीएम, परत आयडल, असं चार-पाच वेळा. पंखा आणि बेल्ट फिरत असतात; ओढणी, गमछा, सैल बाह्या लांब ठेवा. हीटरमधून सलग कडक वारा आला आणि बुडबुडे थांबले की हलकी रेस धरून, पातळी खाली असताना टोपी लावा.

आता बादलीचा आकडा आठवा. ब्लॉकमधून नीट निथळून ९ लिटर निघालं असेल आणि आत ७ च गेलं असेल, तर २ लिटर हवा अजून आत आहे. मग काट्याने काहीही दाखवो, गाडी बाहेर काढू नका.

बुडबुडे थांबतच नसतील तर नीट बघा. अडकलेल्या हवेचे बुडबुडे मोठे, थांबून-थांबून येतात आणि कमी होत जातात. हेड गॅस्केटमधून येणारा गॅस बारीक, सलग फेसासारखा येतो आणि रेस दिली की वाढतो. तसं दिसलं तर तिथेच थांबा. लीक-स्टॉपच्या बाटल्या ओतण्यात पैसे घालवू नका; हेड उघडून फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणं) करून घेणं हाच उपाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी

रात्रभर थंड झाल्यावर टोपी उघडा. रेडिएटर काठोकाठ भरलेला आणि रेडिएटरला जोडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतली पातळी थोडी उतरलेली असेल, तर यंत्रणा नीट ओढते आहे. बाटली भरलेली पण रेडिएटर रिकामा असेल तर टोपीची आतली छोटी व्हॉल्व्ह किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी बघा. ती थंड होताना कूलंटऐवजी हवा ओढते आहे. दोन-तीन सकाळी ही तपासणी करा, लागेल तेवढं भरा. रामटेकच्या गडाचा चढ किंवा चिखलदऱ्याचा घाट त्यानंतरच.

वाटेत तापलीच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, बाजूला घेऊन दोन मिनिटं आयडलवर. वाफ येत असेल किंवा कूलंट सांडलं असेल तर इंजिन लगेच बंद. टोपीला तासभर हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

काढलेलं कूलंट गटारात किंवा रस्त्यावर ओतू नका. ते गोड लागतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्यासाठी फिरणारी कुत्री, गाई ते पितात. इथिलीन ग्लायकॉलने त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याला विचारा. तो घेईपर्यंत कॅन मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.