सेकंद काटा ९ पाशी थरथरतो? सेल फेकू नका

क्वार्ट्झ भिंतघड्याळ सरासरी ०.१ मिलिअँपिअरच्या आसपासच करंट घेतं, म्हणून एक पेन्सिल सेल सहज वर्षभर पुरतो. टॉर्चमध्ये चालेनासा झालेला सेलही यात काही महिने निघतो.

सेकंद काटा ९ जवळ अडखळत असेल, तर ताकद कमी पडते आहे. काट्याला तिथे सगळ्यात जास्त चढ असतो. आधी मल्टिमीटरने सेल मोजा. १.२ व्होल्टच्या खाली गेला असेल तर बदला. १.४ दाखवत असेल तर दोष बहुधा सेलच्या टोकांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा. माझ्या घड्याळात तेच निघालं.

सेल गळला की पट्ट्यांवर थर बसतो. अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी क्षारधर्मी असते. इअरबडवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग ओलसर आणि शेवटी कोरडा बड फिरवा. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी, तिथे खायचा सोडा. गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, स्प्रिंग किंचित ओढून घ्या.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ पार जातो. पश्चिमेच्या तापत्या भिंतीवर सेल लवकर उतरतो, गळतोही. घड्याळ आतल्या भिंतीवर टांगा. तरीही अडलं तर काटे फिरवणारं मशीनच बदला. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात स्वस्तात मिळतं, फक्त काटे बसतात त्या दांड्याची लांबी जुळवून घ्या.