'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं

तारकर्लीत होमस्टे चालवणाऱ्याला किंवा होडीच्या फेऱ्या लावणाऱ्याला हे दोन प्रयोग पक्के यायलाच हवेत. दर्या खवळला की परप्रांतीय पाहुण्याला इंग्रजीत निरोप धाडावा लागतो. तिथे शब्द चुकला, तर पाहुणा ॲडव्हान्स परत मागतो, नाहीतर फेरी नसताना सकाळी सातला जेटीवर येऊन उभा राहतो.

फेरी दुसऱ्या दिवशी होणार असेल तर लिहा: 'द डॉल्फिन ट्रिप हॅज बीन पुट ऑफ टिल संडे.' म्हणजे फेरी रविवारवर गेली. आपण 'रविवारवर ढकलली' म्हणतो, म्हणून हात आपोआप 'पुट ऑफ ऑन संडे' लिहितो. ते चूक, इथे 'टिल' किंवा 'अंटिल'च हवं. नवा वार ठरला नसेल तर 'फॉर नाऊ' लिहा. फेरी होणारच नसेल, तर 'द ट्रिप हॅज बीन कॉल्ड ऑफ.' पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते, तेव्हा जुलैच्या बुकिंगला 'पुट ऑफ' लिहून कुणाला आशेवर ठेवू नका.

'पुट'चं रूप भूतकाळातही 'पुट'च राहतं, 'पुटेड' असा शब्द नाही. 'बीन' गाळू नका. 'द ट्रिप हॅज पुट ऑफ' म्हटलं की फेरीनेच काहीतरी पुढे ढकलल्यासारखं होतं.

सर्वात जास्त चुका होतात त्या 'इट'च्या जागेवर. 'पुट ऑफ द ट्रिप' आणि 'पुट द ट्रिप ऑफ' दोन्ही चालतं, पण 'इट' किंवा 'देम' आलं की ते मधेच बसतं: 'वी पुट इट ऑफ.' 'पुट ऑफ इट' कधीच नाही. 'कॉल ऑफ'लाही हाच नियम. आणि पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतं: 'ही पुट ऑफ रिपेअरिंग द बोट', 'टू रिपेअर' नव्हे.

'पुट ऑफ'चा आणखी एक अर्थ आहे, मन उडणं. 'द स्मेल पुट हिम ऑफ' म्हणजे वासाने त्याला नकोसं झालं. सुकटीच्या वासाबद्दल पाहुणा असं बोलला तर तो जेवण पुढे ढकलत नाहीये, त्याला ते नकोच आहे. दुसरं काही वाढा.

दिवा-पंख्यासाठी आपल्याकडे सर्रास 'पुट ऑफ' म्हणतात. खोलीतल्या सूचनेत मात्र 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ' लिहा.