इमारतीच्या काचेने गाडी वितळली, तर भरपाई कोणाकडून मागायची?

आत वाकलेली काचेची भिंत अंतर्गोल आरशासारखी ऊन एका जागी गोळा करते. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीट इमारतीने २०१३ मध्ये खाली उभ्या असलेल्या जग्वारचे भाग असेच वितळवले. विकासकाने दुरुस्तीचे पैसे दिले. पुढे भिंतीवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसल्या. अशा वेळी ‘आम्ही मुद्दाम केलं नाही’ एवढ्या उत्तरावर माघार घेऊ नका. अशा दिवाणी दाव्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही.

आधी पुरावा, तोही लगेच. सूर्य चार मिनिटांत सुमारे एक अंश सरकतो, म्हणजे शंभर मीटरवरून येणारा झोत तेवढ्यात पावणेदोन मीटर हलतो. वितळलेला भाग, झोत आणि इमारत एकाच फोटोत घ्या, वेळ लिहून ठेवा, काचेकडे थेट पाहू नका. तापमान मोजताना चकचकीत पत्र्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून तिथे काळी, चमक नसलेली टेप चिकटवून मोजा. वितळलेला तुकडा फेकू नका.

झोत हुकला तरी तो परत येतो. २१ जूनच्या आधी आणि नंतर सारख्याच दिवसांच्या अंतरावर सूर्याचा मार्ग जवळपास तोच असतो: २ सप्टेंबरचा झोत ९ एप्रिलच्या आसपास पुन्हा पडणार. त्या दिवशी तज्ज्ञाला सोबत न्या.

इंग्लिश वळणाच्या कायद्यात खाजगी उपद्रवाचा (जागेच्या वापरात शेजारून होणाऱ्या त्रासाचा) दावा ज्याचा जागेवर हक्क आहे त्यालाच करता येतो. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला निष्काळजीपणा किंवा सार्वजनिक उपद्रव (सर्वसामान्य लोकांना होणारा त्रास) हा आधार घ्यावा लागतो. इथेच बरेच दावे चुकीच्या पायावर उभे राहतात. निष्काळजीपणात कळीचा प्रश्न एकच: धोका आधी ओळखता आला असता का? लास वेगासच्या व्हडारा हॉटेलच्या तलावाकाठी असाच झोत पडल्याचं २०१० मध्येच गाजलं होतं. त्यानंतरच्या इमारतीबाबत ‘कल्पनाच नव्हती’ हे फारसं टिकत नाही.

बांधकाम परवानगी दाखवली तरी दबू नका. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कॉव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स खटल्यात स्पष्ट केलं की परवानगीमुळे उपद्रव आपोआप माफ होत नाही.

नोटीस आधी मालकाला द्या. वास्तुविशारदाकडून वसुली करायची की नाही ते तो पाहील. दुरुस्तीच्या बिलासोबत, इमारतीच्या परावर्तनाचा अभ्यास आणि नकाशे मालकाने जपून ठेवावेत अशी लेखी मागणी करा. नोटिशीची पोच सांभाळा: त्या तारखेनंतरही झोत पडत राहिला, तर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय मालकाला उरत नाही आणि मनाई हुकूम मागणं सोपं जातं. दाव्याची मुदत देशागणिक वेगळी असते, ती वकिलाकडून पहिल्याच भेटीत विचारून घ्या.