आरोपी ठरवण्याआधी मोजा: जंगलातल्या घुसखोर तणावर विद्यार्थी-प्रकल्प कसा करावा

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पानझडी जंगलात मे महिन्यात फिरलात, तर पायवाटेच्या कडेला चार पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांचे झुबके दिसतात. हे गार्लिक मस्टर्ड, मोहरीच्या कुळातलं युरोपी तण. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर १८६८ साली त्याची उत्तर अमेरिकेतली पहिली नोंद झाली. अनेक प्रकल्प इथेच घसरतात: तण दिसलं, रानफुलं दिसली नाहीत, म्हणजे तणाने फुलं मारली!

असेलही. या तणातली रसायनं जमिनीतल्या, मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशांना मारक ठरतात आणि शुगर मेपल या झाडाच्या रोपांची वाढ त्यामुळे खुंटते, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. पण पांढऱ्या शेपटीची हरणं रानफुलं खातात आणि हे तण टाळतात. हिमयुगातल्या बर्फाखाली गेलेल्या उत्तरेकडच्या जंगलांत तर मुळात गांडुळंच उरली नव्हती. युरोपातून आलेली गांडुळं आता तिथला पालापाचोळ्याचा थर फस्त करतात. म्हणजे संशयित तीन, आणि तुमच्याकडे वेळ एखाद्या वर्षाचा.

म्हणून पहिलं काम, प्रश्न लहान करा. ‘घुसखोर वनस्पतींचा जंगलावर परिणाम’ हा प्रश्न नव्हे, मथळा आहे. ‘तण काढलं तर एका हंगामात इतर रोपांची संख्या बदलते का?’ याचं उत्तर मिळू शकतं. जागेच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगीही आताच घ्या.

मग ओळख पक्की करा. हे तण दोन वर्षं जगतं. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा चक्राकार झुपका असतो, दुसऱ्या वर्षी दांडा वर येऊन फुलं येतात. झुपक्यातली मूत्रपिंडाच्या आकाराची, कातरल्या कडांची पानं जंगली व्हायोलेटच्या पानांशी सहज गल्लत करायला लावतात. पान चुरगाळून लसणाचा वास घ्या, असं सगळे सांगतात. मात्र वीस पानं चुरगाळल्यावर बोटांनाच इतका वास लागतो, की पुढची व्हायोलेटही लसूणच वाटते. तेव्हा शंका आली तर एखादं रोप उपटून मूळ बघा. खोडाखाली ते इंग्रजी ‘एस’सारखं वळलेलं असतं.

आता चौकटी आखा, आणि इथे घाई नको. तणाची एक जागा आणि बिनतणाची एक जागा निवडून तुलना करायचा मोह होईल. पण दुसऱ्या जागी तण का नाही? तिथली माती, सावली, ओल आधीपासूनच वेगळी असेल तर दिसणारा फरक तणामुळे आहे हे कसं सांगणार? त्यापेक्षा तणातच एक मीटर बाय एक मीटरच्या दहा जोड्या आखा. प्रत्येक जोडीत कोणत्या चौकटीतलं तण काढायचं ते नाणं उडवून ठरवा. डोळ्यांनी निवडलंत तर हात नकळत सोप्या चौकटीकडे जातो. तण काढण्याआधी दोन्ही चौकटी मोजा. काढताना चौकटीबाहेरचा अर्धा मीटर पट्टाही साफ करा. फुललेली रोपं उपटून तिथेच टाकू नका, त्यांतही बी धरतं. पिशवीत भरून बाहेर न्या आणि बुटांचा चिखल तिथेच झाडा, कारण त्यातून बी पुढच्या जंगलात जातं.

मोजताना झुपके आणि फुललेली रोपं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एक वर्ष झुपक्यांचं, पुढचं फुलांचं, असा झोका या तणात नेहमी दिसतो. एकच आकडा लिहिलात तर नुसत्या झोक्यालाच घट समजाल. व्यापलेली जागा टक्क्यांत मांडायला दहा सेंटिमीटरचा चौकोनी पुठ्ठा जवळ ठेवा, तो बरोबर एक टक्का. दोघांनी एकमेकांना न सांगता अंदाज लिहावा.

हरणांचा हात आहे का, हे खुडलेल्या शेंड्यावरून कळतं. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे टोक फाटल्यासारखं राहतं. ससा सुरीने कापल्यासारखा तिरका तुकडा पाडतो. ट्रिलियम या तीन पाकळ्यांच्या रानफुलाच्या रोपांवरची फुलं मोजत बसू नका, बी रुजल्यापासून फूल यायला सात किंवा जास्त वर्षं लागतात. त्यांची उंची मोजा. पेन्सिल्व्हेनियातल्या दीर्घ अभ्यासात हरणांना कुंपणाबाहेर ठेवल्यावर तण हळूहळू ओसरलं आणि ट्रिलियम वाढलं, म्हणून उंचीचा रकाना मला तणाच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

गांडुळांसाठी चौकटीपासून जरा दूर, तीस सेंटिमीटरच्या चौकोनातला पाला बाजूला करा आणि चार लिटर पाण्यात सुमारे चाळीस ग्रॅम मोहरीची पूड कालवून सावकाश ओता. झोंबल्यामुळे गांडुळं वर येतात. मोहरीच्याच भाऊबंदाचा अभ्यास करताना ही गंमत मला फार आवडते! माती ओली असताना, वसंतात किंवा शरदात करा; कोरड्या उन्हाळ्यात ती खोल जातात आणि ‘शून्य’ अशी खोटी नोंद होते.

शेवटी प्रत्येक जोडीत आधीचा आणि नंतरचा आकडा घेऊन बदलातला फरक काढा. दहा फरकांपैकी सात एका दिशेला आणि तीन उलट निघाले तर तसंच लिहा. तणाचं बी जमिनीत अनेक वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे खरा निकाल पुढच्या तुकडीच्या हाती आहे. चौकटींच्या कोपऱ्यांत धातूच्या खुंट्या ठोका, जीपीएसची नोंद घ्या आणि वहीत जवळच्या झाडापासूनचं अंतर व दिशाही लिहा. शरदात पानं पडली की खुंट्या दिसत नाहीत.