झोपेची विस्कटलेली घडी पुन्हा कशी बसवावी

ज्याची झोप मोडली आहे त्याला घरोघरी एकच सांगतात, "आज जरा लवकर पड." हा सल्ला मी पुष्कळदा पाळला आणि दर वेळी माझी झोप आणखी बिघडली. मी २२ वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात तिन्ही शिफ्टमध्ये काम केलं. थर्ड, म्हणजे रात्रीच्या, शिफ्टचा आठवडा संपला की दर वेळी घडी नव्याने बसवायची. पुढे जनरल शिफ्ट मिळाली, पण त्याच सुमारास आई अंथरुणाला खिळली. दीड वर्ष रात्री तीन-तीनदा तिची हाक यायची. ती गेली. हाक थांबली, पण पहाटे तीनची जाग काही थांबली नाही. भूक मेली, अंग सतत मोडून यायचं, मुलांवर उगाच ओरडायचो, बीपीही वर गेलं.

तेव्हा प्राणायाम, काढे, फिरणं, आहार अशी मोठी यादी लोकांनी दिली. त्यातलं बरंचसं चांगलंच आहे. पण ज्याला झोप नाही त्याच्या हातून यातलं काहीही चार दिवसांपलीकडे टिकत नाही. म्हणून आधी झोप. बाकीच्या सवयी तिच्यामागून येतात.

आधी उठायची वेळ ठरवा

"लवकर निजे, लवकर उठे" यातला क्रम मोडलेल्या झोपेला उलटा लावावा लागतो. झोपायची वेळ आपल्या हातात नसते. उठायची असते. एक वेळ ठरवा, समजा सहा. रविवारी सहा, सुट्टीला सहा, रात्री दोनच तास डोळा लागला तरी सहा.

यामागे दोन गोष्टी आहेत. जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. सकाळी नऊपर्यंत लोळलात तर हा साठा उशिरा सुरू होतो आणि रात्री अकराला पुरा पडत नाही. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. ते पेशीपेशीत कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं हे घड्याळ सरासरी २४ तासांहून किंचित लांब चालतं. म्हणून जागरण सहज जमतं आणि लवकर झोपणं जमत नाही. शिवाय नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास मेंदू उलट जास्त तल्लख असतो. एरवी बाराला झोपणारा माणूस साडेनऊला आडवा झाला, तर तो त्या तल्लख वेळेत छताकडे बघत तळमळतो. लवकर पडण्याचा सल्ला फसतो तो इथेच.

उठल्यावर बाहेरचा उजेड

अर्ध्या तासाच्या आत गच्चीवर, गॅलरीत किंवा रस्त्यावर, वीस-तीस मिनिटं. उजेड लक्समध्ये मोजतात. घरातला दिवा काही शे लक्सच्या आत असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स असतात. लांबणारं घड्याळ रोज अलीकडे ओढायला हा उजेडच लागतो, खिडकीआडचा पुरत नाही. सूर्याकडे टक लावू नका. डिसेंबर-जानेवारीत पुण्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सहाला उठणाऱ्याने आधी आवरून मग बाहेर पडावं. चालणं आपोआप होतंच, वेगळा व्यायाम घडी बसवायच्या पहिल्या तीन आठवड्यांत मागे लावून घेऊ नका.

अंथरुणातला वेळ कमी करा

हे ऐकून लोक दचकतात. आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब मांडतो तिथेच, रोज सकाळी अंदाजाने दोन आकडे लिहा: किती तास अंथरुणात होतो, किती तास झोप लागली. माझे आकडे होते साडेआठ आणि साडेपाच. म्हणजे रोज तीन तास मी अंथरुणात जागा राहण्याचा सराव करत होतो.

सरासरी झोपेत अर्धा तास मिळवा. माझे सहा तास झाले. उठायचं सहाला, म्हणजे अंथरुणावर जायचं बाराला, त्याआधी नाही. साडेपाच तासांच्या खाली मात्र कधीही जाऊ नका. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप आठवडाभर लागू लागली, म्हणजे सहा तासांतले पाच तास सहा मिनिटं, की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. पुढच्या आठवड्यात आणखी पंधरा. झोपेवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही पद्धत आज निद्रानाशाच्या उपचाराचा पक्का भाग आहे.

एक इशारा मनापासून देतो. पहिले दहा-बारा दिवस दिवसा डोळे मिटतील. ज्यांच्या हातात स्टिअरिंग किंवा चालतं मशीन असतं, ज्यांना आकडी येते, किंवा ज्यांना बायपोलरचा (मन अतिउत्साह आणि उदासी अशा दोन टोकांना जाण्याचा) त्रास आहे, त्यांनी ही पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मी त्या दिवसांत बाइक घरी ठेवून कंपनीच्या बसने जायचो.

पहाटे तीनची जाग

मी हरलो तो इथे, आणि बहुतेक जण इथेच हरतात. रात्रीत दोन-चारदा जाग येणं हा आजार नाही. झोप साधारण नव्वद-नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते आणि फेऱ्यांच्या मधे आपण सगळेच क्षणभर वर येतो. पहाटे तर झोपेचा दाब बराच उतरलेला असतो. पुढे काय करतो, यावर सगळं ठरतं.

मला एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं, "डोळे मिटून नुसता पडून राहा, तेवढीच विश्रांती." मी दोन महिने पडून राहिलो. कूस बदलायची, घड्याळ बघायचं, तीन वाजून दहा, पावणेचार, आता दोनच तास उरले. आईच्या शेवटच्या दिवसांत काय चुकलं याचा हिशेब रोज त्याच वेळी उघडायचा. हळूहळू अशी पाळी आली की रात्री गादी दिसली तरी छातीत धडधडायचं. शरीराने शिकून घेतलं होतं: गादी म्हणजे जागं राहायची जागा. हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण मोडलेल्या झोपेवर याहून वाईट सल्ला मला माहीत नाही.

उपाय असा. जाग आली आणि अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत परत डोळा लागला नाही, किंवा मन तापायला लागलं, तर उठा. उठाच. अंदाजे म्हणतो, कारण घड्याळ बघायचं नाही. ते रात्री भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. मंद दिव्यात बसून हाताला गुंतवणारं आणि मनाला न ओढणारं काम करा. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलायचो. तांदूळ निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, जपमाळ ओढा. टीव्ही नाही, मोबाइल नाही, हिशेबाची वही नाही, खाणंही नाही. पापण्या जड झाल्या की मगच अंथरुणावर परत जायचं. परत जाग राहिली तर परत उठायचं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी हा नियम १९७२ मध्ये मांडला आणि तो आजही वापरला जातो.

पहिल्या रात्री मी चारदा उठलो. दुसऱ्या रात्री बायको बाहेर आली. "अहो, बरं वाटत नाहीये का?" घाबरलीच होती ती. म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवा. पाचव्या-सहाव्या रात्री वाटतं की हे सगळं फोल आहे, त्यापेक्षा पडून राहणं बरं. त्या रात्री माघार घेऊ नका. मी एकदा घेतली आणि आठवडा वाया घालवला. थंडीत पांघरुणातून निघणं जिवावर येतं, तेव्हा शाल आणि खुर्ची संध्याकाळीच मांडून ठेवा. मला तेरा-चौदा रात्री लागल्या. मग एका पहाटे जाग आली, कूस वळवली आणि पुढचं आठवलं ते थेट गजर वाजल्याचं.

आणि आईचा तो हिशेब? तो मी संध्याकाळी सातला, दिवेलागणीनंतर, दहा मिनिटं कागदावर लिहायला लागलो. जे मनात येईल ते, कुणाला न दाखवता. पहाटे तो विषय आला की मनाला सांगता यायचं, याची वेळ सातची आहे.

बाकीचं थोडक्यात

शेवटचा चहा दुपारी दोनला, कारण पाच तासांनीही कॅफिन निम्मं अंगात असतं. दुपारची डुलकी तीन आठवडे बंद. दारूने डोळा लागतो, पण रात्रीचा दुसरा भाग तुकड्यातुकड्यांचा होतो. जायफळाचं दूध आणि तळपायाला काशाची वाटी खुशाल चालू ठेवा, पण त्यांच्या भरवशावर वरच्या पायऱ्या सोडू नका.

झोपेची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा पायांची सततची वळवळ असेल तर आधी तपासणी. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा जगणं नकोसं वाटलं, तर हे सगळं बाजूला ठेवून आजच कुणाशी तरी बोला. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

घडी एकदा बसली तरी लग्नसराईत, दिवाळीत, आजारपणात ती पुन्हा विस्कटते. तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. रात्रीच्या गाडीने गावाहून आलात तर त्या दिवशी झोपून भरपाई करू नका, बॅग ठेवा आणि उजेडात चालून या. दुसऱ्या दिवशी परत सहाला उठा. तीन-चार दिवसांत गाडी रुळावर येते.